शेंदराखाली काय होतं

न्हावऱ्याहून केडगावकडे जाताना, भीमा ओलांडायच्या आधी, एक फाटा आत वळतो. रस्ता उसातून जातो आणि एका जुन्या लिंबाखाली संपतो. तिथे कमरेएवढा उंच दगड उभा आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेल आणि शेंदूर चढून त्यावर दोन-तीन बोटं जाडीचं कवच आलं होतं. चांदीचे डोळे चिकटवलेले होते. आतला दगड गावात कोणीही पाहिलेला नव्हता.

मी तेव्हा शिरूरहून एका दैनिकाला बातम्या पुरवत होतो. गावाने लिंबाशेजारी सभामंडप उभारायला घेतला होता. मंडपात ग्रॅनाइटची पाटी बसवायची आणि तिच्यावर देवस्थानचा इतिहास कोरायचा, असं ठरलं होतं. पाटी यात्रेच्या आत लागायला हवी होती. मजकुरावर मात्र एकमत नव्हतं.

गावातली मोठी भावकी सोसायटी आणि ग्रामपंचायत सांभाळणारी. तिचं म्हणणं, दगड त्यांच्या मूळपुरुषाचा. गुरं पळवणाऱ्यांशी लढताना तो पडला. नदीकडेला शेवंती आणि झेंडू करणारं एक घर होतं. त्यांच्या मते दगड त्यांच्या घरातल्या एका बाईचा. पुरातून गुरं बाहेर काढताना ती वाहून गेली. दर अमावास्येला शेंदूर लावायचा मान याच घराकडे होता आणि तो त्या वेळी घरातल्या विधवा सासूकडे होता. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. पाटीवर मूळपुरुष आला की शेंदराचा मान भावकीकडे जाणार होता. भावकीचे वडीलधारे आबा हे उघडपणे सांगत होते.

वाद मिटावा म्हणून दोन अभ्यासकांना बोलावलं गेलं. एक निवृत्त प्राध्यापक. या पट्ट्यातले दगड आणि शिलालेख हिंडून पाहिलेले. दुसऱ्या पुण्याहून आलेल्या संशोधक. वयाने त्यांच्या निम्म्या. बैठक अर्ध्या उभ्या मंडपातच झाली. पत्र्यांच्या थप्पीवर माणसं बसली होती.

प्राध्यापकांनी कवचावरच्या एका फुगवट्याकडे बोट केलं. वर उचललेला हात आहे, तलवारीचा असावा, असं ते म्हणाले. लढाईत पडलेल्याच्या स्मरणार्थ असे वीरगळ नदीकाठी जागोजाग आहेत. संशोधक बाईंना तोच हात कोपरात वाकलेला वाटला. असा हात, बांगड्यांसकट, सतीच्या दगडावर असतो.

मावशी मागून बोलली. "कुणाची सती? आमची बाई पाण्यात गेली. जाळायला घावली कुठं?"

लोक हसले. आबाही हसले.

"मावशी, आमचं वडील सांगायचं, शेंदराच्या आत मिशा हायेत म्हणून. तुमच्या बाईला मिशा व्हत्या व्हय?"

"तुमच्या वडलांनी शेंदूर कवा लावला, आबा? लावायला तर आमचीच माणसं. लांबून बऱ्या मिशा दिसल्या त्यांला!"

त्यानंतर अभ्यासकांचा वाद सुरू झाला आणि तो बराच वेळ चालला. बाई म्हणाल्या, जे घराणं पुढे मोठं होतं, त्याच्याकडे गावातले सगळे पराक्रम हळूहळू सरकत जातात; म्हणून भावकीची गोष्ट जपून घ्यावी. आबांनी हसणं थांबवलं. मग बाई मावशीकडे वळल्या. "आणि मावशी, तुमची गोष्टही तुमच्या सासूबाईंच्या मागे जात नाही."

"मंग त्येच्या आधी मी व्हते का ऐकायला?"

प्राध्यापकांचं म्हणणं, कोणतीही आठवण हा पुरावाच असतो, फक्त तो कशाचा हे ठरवावं लागतं. पुरात बाई गेली याचा तो पुरावा नसेल. पण या घराने पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लावला, याचा नक्की आहे. बाईंना हे पटलं, पण तेवढ्यावर पाटी कोरता येणार नाही, असं त्यांचं मत पडलं. शेवटी त्या म्हणाल्या, "कवचाच्या आत काय आहे ते पाहिल्याशिवाय यातलं काहीही लिहू नका." प्राध्यापकांनी मान हलवली. त्या दुपारी दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच वाक्यावर.

कवच उतरवणारी जाणकार माणसं यात्रेनंतर आणू, असंही बाई म्हणाल्या. पण तोवर लोक उठले होते आणि चहा आला होता.

मावशीचा मुलगा रांजणगावला फॅब्रिकेशनच्या कामावर होता. तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. बैठकीत तो एका खांबाला टेकून सगळं ऐकत होता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो ग्राइंडर घेऊन लिंबाखाली आला. मंडपातल्या बोर्डावरून त्याने वायर ओढली. आधी तारेचा ब्रश लावला. तेलकट शेंदराने ब्रश भरला, फिरेना. मग त्याने लोखंड घासायची डिस्क चढवली.

नंतर त्याने मला सांगितलं ते असं. "वेल्डिंगवरचा थर काढतो ना साहेब, तसंच काढत गेलो. मॅडमच म्हणल्या, पाहिल्याशिवाय लिहू नका. म्हणलं, दाखवूनच टाकू. एकदा बांगडी दिसली की आबांची बोलती बंद. आईचा मान ऱ्हाईल."

मावशी फुलं तोडत होती. आवाज ऐकून ती आली तेव्हा काम संपत आलं होतं.

कवच निघालं होतं. त्याच्याबरोबर दगडाचा दर्शनी थरही निघाला होता. काळ्या दगडावर डिस्कच्या गोल रेघा उमटल्या होत्या. वरच्या अंगाला अंगठ्याएवढी एक बाकदार कड उरली होती. ती कोपराची असू शकते, मुठीची असू शकते, शिंगाचीही असू शकते.

दोन्ही अभ्यासक पुन्हा आले. प्राध्यापकांनी त्या कडेवर बोट फिरवलं आणि ते म्हणाले, "आता याला कोणी काहीही म्हणू शकतं." हाच माणूस आठवड्यापूर्वी तलवार सांगत होता. बाईंनी माझ्याकडे जुने फोटो मागितले. माझ्याकडे बरेच होते. प्रत्येकात लाल रंग आणि चांदीचे डोळे, याशिवाय काहीही नव्हतं. गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "थांबा, हात लावू नका, एवढं आधी सांगायला हवं होतं. आम्ही एकमेकांनाच समजावत बसलो." दोघांपैकी कोणीही त्या दगडावर लेख लिहिला नाही.

पाटी यात्रेच्या आत लागली. तिच्यावर मूळपुरुष आहे. घासलेला दगड बरा दिसत नाही म्हणून भावकीने पुण्याहून पितळी मुखवटा करून आणला आणि दगडाच्या दर्शनी बाजूला बसवला. त्याला पिळदार मिशा आहेत. पितळेला शेंदूर लागत नाही, त्यामुळे मान कोणाकडे हा प्रश्नच उरला नाही. यात्रेच्या जेवणात आबांनी मावशीला पहिल्या पंगतीला बसवलं. ती बसली आणि जेवली.

मध्यंतरी मी त्या बाजूला गेलो तो दिवस अमावास्येचा होता. मावशीच्या मुलाने मोटरसायकल उसाच्या कडेला लावली होती आणि तो गाडीवरच बसून होता. मावशी वाटी घेऊन एकटी लिंबाखाली गेली. मुखवट्याला वळसा घालून ती दगडाच्या पाठीमागे बसली. ती बाजू ओबडधोबड आहे. तिथे कोणी कधी काही कोरलेलं नव्हतं आणि ग्राइंडरही पोचला नव्हता. तिने बोटांनी शेंदूर लावायला सुरुवात केली.

मी विचारलं, "मावशी, मागून का?"

तिने वर पाहिलं नाही. "पुढं आता मिशीवाला हाय," ती म्हणाली.