सतरा नंबरचा ठिपका

माझं संशोधन फार सूक्ष्म आहे. इतकं सूक्ष्म, की घरच्यांना आजवर ते दिसलेलं नाही. केसापेक्षा बारीक नालीतून रक्ताचा एक थेंब न्यायचा, वाटेत त्यात औषध मिसळायचं आणि तो किती गडद दिसतो हे मोजणीच्या छोट्या डबीतल्या दिव्याकडून मोजून घ्यायचं. गडद म्हणजे अंगात रक्त भरपूर, फिकट म्हणजे कमी. हे काम पाच मिनिटांत व्हावं म्हणून मी पीएचडीची साडेतीन वर्षं घालवली आहेत.

या नाल्या ज्या तुकड्यात असतात त्याला आम्ही चिप म्हणतो. दोन रसायनं कालवायची, साच्यावर ओतायची, बुडबुडे काढायचे, भट्टीत ठेवायचं, मग अलगद सोलून काचेवर चिकटवायचं. पहिल्यांदा घरी नेली तेव्हा आईने ती बोटाने दाबून पाहिली. "खरवस हाय का गो हा?" मी तिला सूक्ष्मद्रवशास्त्र समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग खायाचा नाय ना?"

चिप लॅबमध्ये उत्तम चालत होती. लॅबमध्ये एसी असतो, धूळ नसते, आणि रक्त देणारी सगळी एमटेकची मुलं असतात, ज्यांच्या बोटांनी आयुष्यात कीबोर्डशिवाय काही बडवलेलं नसतं. पण माझ्या मार्गदर्शक सरांच्या प्रस्तावात 'तळागाळातल्या स्त्रियांसाठी' असे शब्द होते, आणि आमच्या मजल्यावर तळागाळातली स्त्री म्हणायला मी एकटीच होते. शिवाय कल्याणच्या पुढे गेलं की सरांच्या लेखी सगळं दुर्गम. शहापूर आणि मुरबाड ही एकाच गावाची दोन नावं असावीत असा त्यांचा बरीच वर्षं समज होता. तेव्हा चाचणी माझ्याच गावात, किन्हवलीच्या पुढच्या पाड्यावर करायची असं ठरलं. "युवर ओन पीपल," सर म्हणाले. मला गहिवरून यायला हवं होतं, पण मी एसटीचं वेळापत्रक बघत होते.

परवानग्या आल्या. त्या देणाऱ्या नैतिकता समितीने बजावलं होतं की कुणाचंही नाव कुठे यायचं नाही. बाईला नंबर मिळेल, नावांची यादी गावच्या नर्सताईंकडे पाकिटात बंद राहील. मी फक्त नंबर बघायचे. प्रत्येक बाईच्या बोटाचा एक थेंब माझ्या चिपला, आणि दंडातून काढलेली एक नळी शहापूरच्या दवाखान्यातल्या मोठ्या मशीनला. दोन्ही आकडे जुळले की मी डॉक्टर.

तारीख मी ठरवली. होळी उलटून गेल्यावर, कारण तेव्हा लॅबला सुट्ट्या असतात. त्याच दिवसांत आमच्याकडे राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं जिथे करायची ती जमीन शेण, तोडलेल्या फांद्यांचा टहाळ, पाचोळा पसरून जाळतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. अठरा वर्षं मीच पाचोळ्याची ओझी वाहिली होती. पण पीएचडी करताना असल्या गोष्टी हळूहळू डोक्यातून जातात, आणि त्यालाच विषयाची खोली म्हणतात.

अंगणवाडीत टेबल मांडलं. नर्सताई मुरबाडहून स्कूटीवर आल्या. काही बायका थेट राबावरूनच आल्या, अर्धवट जळलेल्या फांद्या हाताने परत आगीत लोटून. मी स्पिरिटचा बोळा फिरवून सुई टोचली, तर रक्त येईना. आमची सुई मऊ बोटांसाठी होती. दोनदा, तीनदा टोचून, दाबून दाबून एकेक थेंब निघायचा.

"पैला थेंब पुसून टाक गो," ताई म्हणाल्या. "दुसरा घ्यायचा असतो."

"ताई, आमच्या चिपला एवढंसंच लागतं," मी म्हणाले. "तेच तर आमचं वैशिष्ट्य आहे."

ताईंनी पुढच्या बाईला बोलावलं. सरकारी नोकरीत वैशिष्ट्यांशी वाद घालायचा नसतो हे त्यांना ठाऊक होतं.

आई आली तेव्हा ताईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ बघितली आणि लोहाच्या गोळ्यांचं पाकीट हातात ठेवलं. "पांढरी दिसते," त्या म्हणाल्या. मी माझ्या डबीकडे बघितलं. हिमोग्लोबिन बारा! समितीने सांगितलेलं सगळं विसरून मी भर अंगणवाडीत ओरडले, "आई, बारा आलं! फर्स्ट क्लास!" बायका हसल्या. आई तर अशी खुलली, जणू बारावीला मी नाही, तीच बोर्डात आली होती. गोळ्यांचं पाकीट तिने ओच्यात टाकलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हे इथे कबूल करते.

चार दिवसांनी शहापूरचे आकडे लॅबमध्ये आले. मी आलेख काढला. बहुतेक ठिपके रेषेवर शहाण्यासारखे बसले होते. सात मात्र भलतीकडे. माझी चिप म्हणत होती रक्त भरपूर, मशीन म्हणत होतं कमी. सतरा नंबरचा तर सगळ्यात लांब.

"फील्डमध्ये नॉइज असतोच," सर म्हणाले. "काढून टाक."

काढले. सात वेळा एकच बटण. रेषा सरळ झाली, सर "ब्यूटिफुल" म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी आमच्या निबंधाचा सारांश परिषदेला गेला. आईला बारा आलं होतं हे माझ्या लक्षात होतं, पण बारा आणखी कितीतरी जणींना आलं होतं. आणि मी तर फक्त नंबर बघायचे होते.

सोमवारी नर्सताईंचा फोन आला. "अगो, तुजी आई गोळ्या घेत नाय. परत आणून दिल्यान माज्याकडं. बोलते, माज्या पोरीच्या मशीनवर बारा आलाय, त्या अडाण्यांना द्या."

"बरोबर आहे ना मग ताई."

"शहापूरचा साडेसहा आलाय. साडेसहावर ती डोक्यावर टहाळ वाहते. तुजा आयकंल म्हणून तुला फोन केला."

मी विचारलं, "तिचा नंबर काय होता?"

"सतरा."

मी काढून टाकलेल्या ठिपक्यांची यादी उघडली. मी उरलेले सहा नंबर वाचून दाखवले. ताईंनी पाकीट फोडलं की नाही मला माहीत नाही, समितीने विचारलं तर फोडलं नाही असंच मी सांगेन. "या सगळ्या राबावरनं सरळ आलेल्या," त्या म्हणाल्या. "बोटांच्या भेगा बघितल्यास त्यांच्या? काजळी बसलेली. तुजा तो बोळा वरनं फिरतो. मी बोलले होते ना, पैला थेंब पुस."

काजळी काळी असते. काळं म्हणजे गडद, आणि गडद म्हणजे रक्त भरपूर. साडेतीन वर्षं खपून मी असं यंत्र बनवलं होतं, की बाई जितकी जास्त राबेल तितकी ते तिला ठणठणीत ठरवील. अशा यंत्राला खरं तर पुरस्कार मिळायला हवा.

मी सातही ठिपके परत घातले. रेषा बिघडली. सर स्क्रीनकडे बघून म्हणाले, "तू आता भावनेच्या भरात आहेस." मी म्हणाले, हो, आहे. सारांश मागे घेतल्याची मेल मी त्यांच्यासमोरच पाठवली. त्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे त्यांनीच 'ग्रामीण अंगुलिपृष्ठाचे प्रकाशीय अडथळे' असं नवं प्रकरण सुचवलं, ती गोष्ट वेगळी.

मी घरी गेले. जिथे बारा ओरडले होते तिथेच, त्याच बायकांसमोर सांगायला हवं होतं. सांगितलं. "माझं चुकलं. आई, तुझं रक्त कमी आहे. बोटाच्या भेगांत काजळी होती, ती थेंबात मिसळली. मी पहिला थेंब पुसायला हवा होता."

मला वाटलं ती रागावेल, किंवा मशीन खोटं कसं बोलेल म्हणून माझ्याशीच भांडेल. तिने दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि पदराखाली घेतले.

"म्हंजे माज्या हातांनी तुजा मशीन बिगडला?"

"नाही गं. मीच..."

"आदी सांगायचास ना. धुऊन आले असते." बायकांकडे बघून ती ओशाळली. त्या दिवसापासून ती गोळ्या घेऊ लागली, माझ्या समाधानासाठी.

दुसऱ्या दिवशी सातजणींची चाचणी पुन्हा ठेवली. मी साबण, गरम पाणी, लांब सुया, सगळी जय्यत तयारी करून बसले होते. आई सगळ्यांत आधी आली, धुतलेलं लुगडं नेसून. हात पुढे केला आणि म्हणाली, "बघ, आता काय काळा राहिला नाय."

टाचा घासायची वजरी असते ना, त्या खरबरीत दगडाने तिने बोटं घासली होती. पाचही. कातडी सोलली होती आणि बोटाच्या टोकावर थेंब आधीच येऊन थांबला होता.

मी हातातली सुई खाली ठेवली. पहिला थेंब पुसला.