सात घरांची बारी

ती पिवळी कापडी थैली आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आत एक ताट, एक पेला, दोन फ्रॉक, एक कंगवा. पंचनाम्यात वस्तू मी याच क्रमाने लिहिल्या होत्या. नोकरीत हत्यारे पाहिली, मृतदेह पाहिले. पण सर्वांत जास्त वेळ लागला तो या चार वस्तूंची यादी लिहायला.

तेव्हा मी तुमसर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत आंबागडच्या डोंगराकडे एक लहान गाव होते. शहरातल्या स्वयंसेवकांचा एक गट दर शनिवारी तिथे यायचा. काय करायचे ते गावाने ठरवायचे, घाम दोघांनी गाळायचा, असा करार होता. तलावाचा फुटका बांध नीट झाला, शाळेला कुंपण झाले. सर्वांत मोठे काम म्हणजे आठ वर्षांच्या एका अनाथ मुलीला त्यांनी गावातच सांभाळले होते.

तिचे आईवडील आदल्या पावसाळ्यात एकाच रात्री मण्यार चावून गेले. ते जमिनीवर झोपले होते. मुलगी खाटेवर होती म्हणून वाचली. मग सात घरांनी तिची बारी लावली. एक आठवडा एक घर. दर सोमवारी संध्याकाळी मुलगी आपली थैली उचलून पुढच्या घरी जायची. बालकल्याण समितीने वर्षभरासाठी ही व्यवस्था मान्य केली होती. मला ही रीत फार आवडली होती. तिच्यातली चूक मलाही दिसली नव्हती.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. बुधवारी सकाळी दहाला ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. बोलणारा नाव सांगायला तयार नव्हता.

"साहेब, ते बारीची पोट्टी दोन दिवसांपासून गायब हाय. तो शनिवारवाला पोरगा सोमवारी फटफटीवर एका पोरीले घेऊन बपेऱ्याकडं जाऊन राहिला होता. म्या डोळ्यानं पाहिलं."

बपेऱ्यापुढे मध्य प्रदेशची हद्द. सोमवार ते बुधवार. तेवढ्या वेळात मूल कुठल्या कुठे पोहोचते, हे मला ठाऊक होते. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली, बपेऱ्याला नाकाबंदी लावली, पलीकडच्या ठाण्याला बिनतारी संदेश दिला आणि भंडाऱ्याहून श्वान पथक मागवले. अल्पवयीन मूल हरवले की नियमाने अपहरणाचाच गुन्हा दाखल होतो. तो दाखल करूनच जीप काढली.

गावात पोहोचलो तेव्हा माणसे तलावात उतरलेली होती. कमरेइतक्या पाण्यात बांबूने तळ चाचपत होती. बांबू कशाला तरी अडला की तो माणूस थांबायचा, आणि काठावरच्या बायका श्वास धरायच्या. 

ग्रामपंचायतीच्या खोलीपुढे मात्र गर्दी. मुलगी हरवल्याचे कळून तो स्वयंसेवक आपणहून आला होता आणि लोकांनी त्याला आत कोंडले होते. एक म्हातारा काठी घेऊन दारातच उभा.

"आधी त्याले आमच्या हवाली करा, साहेब. मंग बोलन तो."

माझे हवालदार तीस वर्षे मुरलेले. ते शांतपणे म्हणाले, "बाबा, तुमच्या हवाली केला तं बोलन कसा? दात ठेवसान का त्याचे?"

दोघेतिघे नकळत हसले. त्या हसण्यात वाट मोकळी झाली.

मुलगा पंचविशीचा. फटफटीची गोष्ट पाच मिनिटांत सुटली: मागे बसलेली तरुणी त्याची सहकारी होती, फोनवर तिचा आणि ते दोघे जिथे गेले त्या गावच्या सरपंचाचाही जबाब मिळाला. पण माझे समाधान होईना. खोटा आळ आलेला माणूस चिडतो. हा चिडत नव्हता, मान खाली घालून बसला होता.

"काय लपवतोस?"

"सर, शनिवारच्या बैठकीत दोन घरांनी रोवणीपुरती बारी नको म्हटलं. मी म्हणालो, बारी तुटली तर पोरीला बालगृहात पाठवावं लागेल. ती तिथंच बसली होती."

"मग?"

"नंतर तिनं विचारलं, दादा, बारीत कोणतं घर घेतेत? मी म्हणालो, ज्या घरची चूल पेटते ते कोणतंही. ती हसली, सर. मला वाटलं, समजूत पटली."

मी ते वाक्य वहीत उतरवले, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

श्वान पथकाचे कुत्रे आले. शेवटच्या घरी ती पांघरायची त्या गोधडीचा वास दिल्यावर ते एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहिले. सगळ्या गावालाच तिचा वास होता. तेवढ्यात पावसाची मोठी सर आली आणि ती आशाही संपली.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. सातही घरच्या बायकांना शाळेच्या ओट्यावर बसवले आणि वहीच्या एका पानावर सात रकाने आखले.

दुसऱ्या घरची बाई म्हणाली, "सोमवारी जेवू घातलं, येणी घालून देल्ली, थैली देल्ली. गेली ते."

तिसऱ्या घरी रविवारी म्हातारबा वारले होते. त्या घरची म्हातारी खाली पाहून बोलली, "म्या दारातूनच सांगितलं, माय, आमच्या घरी सुतक हाय, तू समोरच्या बारीवाल्या घरी जाय. सुतकात परक्या लेकराले कसं घेऊ?"

चौथ्या घरची माणसे सोमवारी तिथल्या बाईच्या माहेरगावी रोवणीला गेली होती. आपली बारी पुढच्या आठवड्यात, या हिशेबाने. आज सकाळी परतल्यावर त्या बाईनेच सहज विचारले, पोट्टी कुठे आहे. तेव्हा गावाला कळले. दुसऱ्याला वाटले ती तिसऱ्याकडे, तिसऱ्याला वाटले चौथ्याकडे, आणि चौथ्याच्या दाराला कुलूप.

"कुलूप पाहून ती परत कोणाकडे आली?"

"नाही जी."

"काही मागायला?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सहावी म्हणाली, "खराटा मांगला होता. सुतकाच्या घरी लागत असन म्हनून देल्ला." पहिलीने शेण दिले होते. सातवीने ओंजळभर तांदूळ. आणि दुसरीच्या घरून माचिस गेली होती.

"हे आधी काहून नाही सांगितलं?" माझ्याही तोंडी त्यांचीच बोली आली.

"यात काय सांगाचं, साहेब? पोट्टी तं साऱ्याच घरची कामं करते."

मी यादी मोठ्याने वाचली. खराटा, शेण, तांदूळ, माचिस. पळून जाणाऱ्याची ही यादी नव्हती, पळवून नेलेल्याचीही नव्हती. ही घर थाटणाऱ्याची यादी होती. ज्या घरची चूल पेटते ते कोणतेही.

"तिच्या आईवडिलांचं घर कुठे?"

पोलीस पाटलांचा चेहरा उतरला. "टोकावर. पन तिकडं कोनी नाही जात, साहेब. दोघं गेले तवापासून कुलूप हाय." मग अगदी हळू म्हणाले, "ते मण्यार सापडलीच नोहोती."

मी तसाच टोकाच्या घराकडे धावलो.

पुढचे कुलूप तसेच होते, म्हणूनच कोणाला शंका आली नव्हती. मागची कुडाची भिंत खाली फाटलेली होती. आठ वर्षांचे मूल जाईल एवढी. मी सगळ्यांना मागे थांबवले. आत फक्त मी, पायात बूट, हातात काठी आणि बॅटरी. कुलूप तोडून दार ढकलले.

जमीन ताजी सारवलेली होती. चुलीत राख. आणि धान्याच्या मातीच्या कोठीवर, पाय पोटाशी घेऊन, ती बसली होती. ओठ फाटलेले. डोळे माझ्याकडे नव्हते, चुलीकडे होते.

"खाली नोका पाहू, साहेब," ती कुजबुजली. "माह्याकडं पाहत पाहत या. ते चुलीच्या विटेमागं हाय."

सोमवारची रात्र ती त्याच जमिनीवर झोपली होती. मंगळवारी सकाळी चूल पेटवली, धूर झाला आणि विटेमागून मण्यार बाहेर आली. तेव्हापासून मुलगी कोठीवर होती. लोकांनी मारलेल्या हाका तिने ऐकल्या होत्या.

मी चार पावले टाकली. आयुष्यातली सर्वांत लांब चार पावले. तिला उचलले तर ती अंग आखडून म्हणाली, "थैली."

थैली चुलीपासून हातभर अंतरावर, तोंड उघडे. मी मुलीला बाहेर हवालदारांकडे दिले, परत आत गेलो, काठीने थैली उलटी केली. ताट खणखणले. बाकी काही निघाले नाही. संध्याकाळी सर्पमित्राने विटेमागून मण्यार काढली.

पाणी पाजल्यावर मी विचारले, "ओरडली काहून नाहीस?"

"ओरडली असती तं बारी तुटली म्हनले असते."

तिसऱ्या घरची म्हातारी तिथेच मातीत बसली. "सुतक तेरा दिवसांत फिटते, साहेब. हे कवा फिटन?"

आरोपी नसल्याने तपास बंद झाला. पण मी नोकरी सोडेपर्यंत प्रत्येक नव्या फौजदाराला ही गोष्ट सांगत आलो. ठाण्यात साधी काठीसुद्धा सही झाल्याशिवाय एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. इथे सात चांगली घरे होती आणि आठ वर्षांचे मूल स्वतःच स्वतःला एका घरातून दुसऱ्या घरी सोपवत होते. गावाची माया खोटी नव्हती. दोन दारांमधल्या रस्त्यावर कोणीच उभे नव्हते. हरवलेल्या मुलाचे कपडे कोणते होते, हे आपण पहिल्यांदा विचारतो. त्याने काय मागितले होते, हेही विचारा.

गावाने नियम बदलला. तेव्हापासून सोमवारी एका घरची बाई मुलीचा हात धरून दुसऱ्या घरी जायची आणि पुढचीने "घेतली" म्हटल्याशिवाय परतायची नाही. सुतक असले तरी दारातून परत पाठवायचे नाही, हे त्या म्हातारीने सभेत उभे राहून मांडले. स्वयंसेवक मुलगा पुढच्या शनिवारी आला तेव्हा काठीवाल्या म्हाताऱ्यानेच त्याला चहाला नेले.

महिन्याने समितीच्या बाई चौकशीला आल्या. मुलीला गावात ठेवायचे की बालगृहात, हे त्या दिवशी ठरणार होते. सारे गाव ओट्यावर बसले होते.

"तुझी घरं किती, सांग बघू," बाईंनी विचारले.

तिने बोटे मोजली. सातही घरे क्रमाने सांगितली. मग आठवे बोट धरून गावाच्या टोकाकडे पाहिले.

"अन् एक ते. सध्या बंद हाय."

बाईंनीही त्या दिशेला पाहिले. मग लिहिले: गावातच राहू द्यावे.