बॉयलर रात्री बंद पडतो

माझ्या नवऱ्याला आमच्या भागात हवालदार म्हणतात. काम त्याचं पाणी तापवायचे घरगुती गॅस बॉयलर बसवायचं. पण कुणाच्याही घरात शिरला की आधी खिडक्या कुठे उघडतात ते बघतो, मग बॉयलरचा धूर बाहेर नेणारा पाइप कुठून काढायचा ते ठरवतो, आणि तिथूनच भांडणाला तोंड फुटतं. घरच्या बाईला तो पाइप दर्शनी भिंतीवर नको असतो. हा म्हणतो, मग बॉयलरही नको. गिऱ्हाईक जातं. घरी येऊन जेवताना तेच भांडण तो माझ्याशी पुन्हा भांडतो, आणि गिऱ्हाइकाची बाजू मी मांडायची असं त्याने परस्पर ठरवून टाकलंय. मी गप्प बसले तर म्हणतो, "म्हणजे तुलाही पटलेलं नाही."

मला पटलेलं आहे. लग्न झाल्यापासून पटलेलं आहे. बरोबर असणाऱ्या माणसाला इतकं ओरडावं का लागतं, हे तेवढं मला कळत नाही.

त्यात माझा धाकटा भाऊ. आई त्याच्याकडे असते. त्याच्या स्वयंपाकघरातला बॉयलर माझ्या नवऱ्यानेच बसवला होता. पाइप भिंतीतून आरपार काढून मागच्या उघड्या गॅलरीत सोडला होता. त्यानंतर कुठल्याशा गळक्या नळावरून दोघांचं बिनसलं आणि जाणं-येणं थांबलं. या थंडीत भावाचे फोन सुरू झाले. "ताई, भावोजींना सांग, त्यांचा बॉयलर रात्री आपोआप बंद पडतो. सकाळी नळाला थंडगार पाणी." त्यांचा बॉयलर, म्हणे. घर तुझं, आंघोळ तुझी आणि बॉयलर आमचा.

नवऱ्याला सांगितलं तर तो भडकला. "मी बसवलेला बॉयलर आपोआप बंद पडत नाही." मग जाऊन बघ ना बाबा. तर ते नाही. दोघांचे निरोप पोचवून पोचवून माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी एका रविवारी मीच त्याची हत्यारांची पिशवी गाडीत टाकली आणि त्याला म्हटलं, बस.

भावाने दार उघडलं ते हसतच. "आले का हवालदार." आई हॉलमध्ये खुर्चीत बसली होती. डोळ्यांवर नवा चष्मा होता, चांगला जाड भिंगांचा. अलीकडे तिचं डोकं फार दुखतं म्हणून भावाने डोळे तपासून आणले होते. मला बघून तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि भावाने तो उचलून परत तिच्या नाकावर बसवला.

"आधी आईची खोली बघा," भाऊ म्हणाला. आईची खोली म्हणजे मागची गॅलरी. त्याने ती पार बदलून टाकली होती. तिन्ही बाजूंनी काचा, जाड पडदे, पलंग, उशाशी वाचायचा दिवा. आई इतकी वर्षं हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची, तिला स्वतःचं दार हवं म्हणून त्याने हे हौसेने केलं होतं. मला खरंच भरून आलं.

नवरा मात्र पलंगाच्या उशाशी असलेल्या छोट्या लाकडी कपाटाकडे बघत होता. कपाटाला जाळीची दारं होती. त्याने एक दार उघडलं. आत त्यानेच बसवलेल्या पाइपाचं तोंड होतं.

"हे काय आहे?"

"दिसायला बरं दिसत नव्हतं म्हणून झाकलंय. जाळी ठेवलीय की, हवा खेळते."

"खेळते कुठे? तुझ्या आईच्या नाकात?"

झालं. मग दोघांचे आवाज चढत गेले. भाऊ म्हणत होता, एखादी काच किलकिली ठेवू. नवरा विचारत होता, या थंडीत आई काच उघडी ठेवून झोपतील का? भाऊ म्हणाला, धुराचा कधी वास आला नाही. नवरा म्हणाला, "वास नसतोच त्याला. त्या धुरात जो विषारी वायू असतो त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो." भावाला वाटलं, हा आपल्या कामाला नावं ठेवतोय. "तुमचा बॉयलर बंद पडतो त्याचं बोला ना. माझ्या खोलीत कशाला खोट काढता?"

नवऱ्याने पिशवीतून तो वायू मोजायचं यंत्र काढून पलंगावर ठेवलं, आम्हाला हॉलमध्ये पिटाळलं आणि बॉयलर चालू केला. थोड्या वेळाने यंत्र ओरडायला लागलं. त्याने बॉयलर बंद केला, गॅसची चावी फिरवली आणि धावत जाऊन सगळ्या काचा उघडल्या. यंत्र घेऊन परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. भावाने आकडा बघितला आणि तो सोफ्यावर बसला.

"पण मग," नवरा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "रोज रात्री इथे झोपून आई..."

"रोज रात्री मी तो बंद करते," आई म्हणाली.

आम्ही तिघेही तिच्याकडे वळलो.

"संध्याकाळी तो चालू असताना खोलीत बसले की डोकं जड व्हायचं. बंद असला की नाही व्हायचं. म्हणून झोपायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन बटण बंद करायचे."

"अगं आई, मग सांगायचं नाही का?" भाऊ जवळजवळ रडकुंडीला आला होता.

"सांगितलं की. तू म्हणालास काही होत नाही, वयामुळे आहे. मग मला चष्मा आणलास."

भावाने तिच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. मला त्याचा राग आला, कीव आली आणि स्वतःचाही संताप आला. फोनवर मीही तिला चष्मा लावतेस ना, एवढंच विचारत होते. बॉयलर का बंद पडतो यावर आम्ही महिनाभर घसा कोरडा केला आणि तो कोण बंद करतं हे एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने बॉयलर स्वयंपाकघराच्या दुसऱ्या भिंतीवर हलवला. तिथे भावाच्या नव्याकोऱ्या टाइल्स होत्या. त्या फोडल्या तेव्हा तुकडे भावानेच गोळा केले. पाइप सरळ मोकळ्या हवेत निघाला, आजूबाजूला एकही खिडकी नाही. सांध्यांत रबरी कड्या नीट बसल्यात का हे त्याने हात फिरवून पाहिलं, पाइपाभोवतीची फट भरली, जुनं भोक बुजवलं, बॉयलर चालवून आईच्या खोलीत पुन्हा माप घेतलं आणि तिथे भिंतीवर तो वायू आला की वाजणारा एक अलार्म लावला. मग आईसमोर बसून तिला हळू आवाजात सगळं समजावलं. त्याचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "आता बंद करू नका, आई."

"बरं," आई म्हणाली.

आठवड्याभराने भावाचा फोन. सकाळी पाणी थंड.

मी कपाळाला हात लावला आणि आईला फोनवर घेतलं. डोकं दुखतं का? नाही दुखत. चष्मा? तो कपाटात आहे. मग बॉयलर का बंद करतेस? आता काही होणार नाही म्हणून सांगितलंय ना?

"काही होत नाही असं मागच्या वेळीही सांगितलं होतंत," आई म्हणाली.

मी फोन नवऱ्यापुढे धरला. म्हटलं, आता हा तिला पुन्हा सगळे सांधे मोजून दाखवणार. त्याने फोन हातात घेतला.

"करा बंद," तो म्हणाला. मग त्याने भावाला फोन लावला आणि रोज जरा लवकर उठून बॉयलर चालू करायला सांगितलं.