सीलिंग तपासायला आलेला माणूस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही. आणि गंमत बघा — आत्ता तुम्हाला सांगायला बसले, तरी छातीत तीच धडधड सुरू झाली, जी मला कुठलीही गोष्ट रंगवून सांगताना होते! माझा स्वभावच तसा. आनंद झाला की घरभर नाचते, आणि खोटं बोलायला लागले की... थांबा, तिथे येतेच.

इथे परदेशात, पुकेकोहे गावातलं आमचं घर जुनं, लाकडी. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, स्वयंपाकघरात तोंडातून वाफ निघते, हे पुण्यातल्या लोकांना सांगूनही पटत नाही. त्या वर्षी मिलिंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, आयटीतली नोकरी गेली. आम्ही कुणाला कळू दिलं नाही. तो रोज सकाळी लॅपटॉप घेऊन लायब्ररीत जाऊन बसायचा, आणि मराठी मंडळात मी सांगायचे, ‘फार काम असतं हो त्याला!’

अशात दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं — कमी उत्पन्नाचं कार्ड आहे ना तुमच्याकडे? मग घर उबदार राहावं म्हणून सीलिंगच्या वर इन्सुलेशनचा थर घालायला सरकार मदत करतं, बहुतेक सगळा खर्च देतं. मी काय उडाले म्हणून सांगू! गाडीत एकटीच टाळ्या वाजवत घरी आले. मिलिंद मात्र दोन दिवस अर्जाला हात लावेना. कधी कुणापुढे हात न पसरलेला माणूस तो. तिसऱ्या दिवशी माझ्या ईमेलवरून त्यानंच अर्ज भरला. नोकरीच्या रकान्यात ‘नाही’ लिहिताना त्याचा चेहरा कसा झाला होता, ते मी पाहिलं आहे. पाहिलं होतं — आणि तरीही...

आठवड्याभरानं घर तपासायला माणूस येणार होता. मी सकाळपासून आत-बाहेर करत होते, चहासुद्धा टाकून ठेवला होता. बेल वाजली. दार उघडलं, तर शिडी घेऊन समोर चिन्मय! मंडळाच्या नाटकात माझा दीर झालेला चिन्मय!

“अरे, वहिनी! हे तुमचं घर का? वरती चढून बघतो, दहा मिनिटांचं काम.” मग त्याला माझा चेहरा दिसला असावा. आवाज खाली आणून म्हणाला, “डोंट वरी, वहिनी. कामातलं मी बाहेर कुठेच बोलत नाही.”

ऐकलंत ना? भला मुलगा. त्यानं शब्द दिला होता. आणि मी काय केलं? मोठ्यांदा हसले! “छे रे, काहीतरी घोळ झालाय. आम्हाला कशाला सरकारी मदत? कॅन्सल करून टाक.” तो “स्वीट अ‍ॅज”, म्हणजे इथल्या बोलीत ‘बरं, चालेल’, म्हणाला आणि शिडी गाडीवर बांधून निघून गेला.

संध्याकाळी मिलिंद आला. मी म्हटलं, अर्ज नाकारला त्यांनी. त्यानं विचारलं, का? मी म्हटलं, कारण नाही सांगितलं. तो बराच वेळ बूटही न काढता बसून राहिला. मग म्हणाला, “आपलं भारतीय आडनाव बघितलं असेल.”

मी म्हटलं, “असेल.”

पुढे चिन्मय ऑस्ट्रेलियाला गेला आणि मला रान मोकळं मिळालं. मिलिंदला नवी नोकरी लागली. मग तो चारचौघांत वाईट दिवसांची गोष्ट सांगू लागला, त्यात हा नकारही यायचा. आणि मी? मी गप्प बसायचे? अहो, मी रंगात यायचे! त्या माणसानं आडनाव दोनदा वाचलं, बूट न काढता घरभर फिरला, चहाला नाक मुरडलं — हे सगळं माझं! लोक ‘अगं बाई!’ म्हणायचे, आणि मला मजा यायची. हो, मजाच.

अशाच एका जेवणाला सुलभाताई शेजारी बसल्या होत्या. आमच्याच गावात राहणाऱ्या, नवऱ्यामागे एकट्या, पेन्शनवर, तसल्याच जुन्या गार घरात. त्यांनी अर्ज मागवून ठेवला होता. गोष्ट ऐकून म्हणाल्या, “तुम्हाला देत नाहीत, मग मला कुठले द्यायला बसलेत! राहू दे तो अर्ज.” एका वाक्याचं काम होतं. मी त्यांच्या पानात चटणी वाढली.

दोन हिवाळे गेले. दोनदा त्यांना छातीसाठी हॉस्पिटलात ठेवावं लागलं. या घरात आणखी एक हिवाळा काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि ज्या घरातून मी आडवीच निघेन म्हणायच्या, ते त्यांनी गेल्या महिन्यात विकलं. आता फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात लेकीकडे असतात. तिथल्या नव्या घरात त्यांची वेगळी खोली आहे, पण झाडं लावायला जागा नाही.

सामान बांधायला आम्ही दोघं गेलो होतो. मिलिंद खोकी उचलत होता. सुलभाताईंनी कपाटातून त्यांचं इलेक्ट्रिक ब्लँकेट काढलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

“लेकीचं घर उबदार आहे गं, मला आता नको. तुम्हाला त्या मेल्यांनी नाही म्हटलं ना. घेऊन जा.”

मी ‘थँक्यू, ताई’ म्हटलं. घरी आणून ते आमच्या पलंगावर अंथरलं. छान ऊब देतं.