हंड्यावर चुन्याचं बोट

वाचमनना चोरांचा राग कधी आला नाही. त्यांना किळस यायची ती लुटल्या गेलेल्या माणसांची. कुणाकडे चोरी झाल्याचं कळलं की ते आधी विचारत, "कडी होती का?" नव्हती म्हटलं की तोंड वाकडं करून तंबाखू थुंकत आणि म्हणत, "मग चोराला कशाला शिव्या घालतोस? त्यानं त्याचं काम केलं. तू तुझं केलं नाय."

भिवंडीच्या एका गोदामावर तीस वर्षं राखण करून ते किन्हवलीजवळच्या आमच्या गावात परतले, म्हणून वाचमन. खरं नाव रेशनकार्डावर. घर बौद्धवाडीत, ओढ्याच्या पलीकडे. माझ्या वडिलांपेक्षा मोठे, तरी आमच्या आळीतली शेंबडी पोरंही त्यांना अरेतुरे करायची. मीही केलं. आता लिहिताना अहोजाहो करतोय, आणि त्याचीही मला लाज वाटते, कारण ऐकायला ते नाहीत.

आवणीच्या दिवसांत, भाताची रोपं लावायची असतात तेव्हा, आमच्याकडे अख्खं घर शेतावर जातं. दार नुसतं ओढून घ्यायचं. कुणी कुलूप घातलंच तर किल्ली दाराशेजारच्या देवळीत, आणि ती तिथे असते हे सोयऱ्याधायऱ्यांनाही ठाऊक. वाचमन सकाळी गावातून फेरी मारत. उघडं घर दिसलं की बाहेरून तीन हाका देत. ओ आली नाही की आत शिरत, थेट सैपाकघरापर्यंत, आणि चुन्याच्या डबीत बोट घालून पाण्याच्या हंड्यावर पांढरा पट्टा ओढून निघून जात. बाकी कशाला हात लावत नसत. बाया शेतावरून आल्या की तो पट्टा त्यांना दिसायचा.

मग जो गोंधळ व्हायचा तो मी लहानपणापासून पाहिलाय. एकदा माझी काकू त्यांना रस्त्यात अडवून म्हणाली, "वाचमन, सैपाकघरात कशाला शिरलास रे?"

"वयनी, चोर ओट्यावरनंच माघारी जाईल असं वाटतं तुमाला?"

"चोराचं राहू दे. तू हंड्याला बोट का लावलंस?"

"म्हंजे चोरानं लावलं तर चालंल," वाचमन म्हणाले आणि पुढे गेले.

काकूनं तो हंडा चिंच आणि राख लावून तीनदा घासला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या आळीतल्या घरांना कड्या लागल्या, कुलपं लागली, किल्ल्या बायांच्या कमरेला गेल्या. पंचायतीनं बोर्ड लावून जे झालं नव्हतं ते एका बोटानं केलं. गाव सावध झालं, पण चोराला भिऊन नव्हे. वाचमनना हे पुरतं कळत होतं. "कायला का व्हयना, कडी लागली ना," असं म्हणून ते हसायचे. त्या हसण्याला आम्ही सगळे भोळसटपणा समजलो.

बाहेर पडल्यावरही त्यांचं तेच. मुरबाडच्या बाजाराला निघालेल्या बायांना ते सांगत, "गाडी पाठनं नाय, समोरनं येईल अशा चाला. पदर गळ्याभोवती घ्या." जीपमध्ये पिशवी टपावर टाकू देत नसत. एकदा आम्ही एकाच जीपमध्ये होतो. पुढच्या सीटवरचा आमच्याच गावचा एक गृहस्थ फोनवर ओरडत होता, "आमी सगली कल्याणला चाललोय हळदीला. घरी कोन नाय. परवा येऊ." दहा माणसं ऐकत होती, त्यातली सात अनोळखी. वाचमननी मान खिडकीबाहेर काढली आणि बराच वेळ आत घेतली नाही. उतरताना मला म्हणाले, "ओकारी येते रे मला या लोकांची. घराचा पत्ता तेवढा सांगायचा राहिला."

त्यांचं मुख्य म्हणणं मात्र एकच होतं, आणि ते कुणीच मनावर घेतलं नाही. "चोर फाटक्या कपड्यात येत नाय. त्याला तुमचा सोभाव म्हाईत हाय. तो इस्त्री करून येतो." आमच्या गावात एखादा कातकरी मध विकायला आला तरी त्याच्यामागे चार जण नजर ठेवून फिरतात. पँटशर्टवाल्याला मात्र खुर्ची मिळते.

ते आमच्याच घरी घडलं. वडील वारल्यापासून आई दिवसा एकटी असायची. मी आटगावला गाडी धरून ठाण्याला कामाला जायचो. त्या दिवशी सकाळी वाचमन आमच्या ओट्यापाशी आले, खालीच उभे राहिले आणि म्हणाले, "वयनी, मोटरसायकलवर दोघं फिरतात गावात. गळ्यात कार्डं हायत. कडी लावून घ्या." आईनं बरं म्हटलं. तासाभरानं ते दोघे आले. गॅसची शेगडी तपासायची आहे म्हणाले, आईला 'माताजी' म्हणाले. तिनं त्यांना सैपाकघरात नेलं, खुर्च्या दिल्या, चहा दिला. त्यांनी गॅसचं पुस्तक मागितलं तेव्हा त्यांच्यासमोरच कपाट उघडलं. एक जण तिला घेऊन मागच्या पडवीत रिकामा सिलिंडर बघायला गेला. ती परतली तेव्हा दुसरा मोटरसायकल चालू करून बसला होता. कपाटातली पोत आणि कानातले गेले होते.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी आईनं जमलेल्या लोकांना एवढंच सांगितलं की ती अर्धा तास परसात होती आणि दार उघडं राहिलं. "कोन आलं होतं का गो?" काकूनं विचारलं. आई म्हणाली, "वाचमन येऊन गेला ना सकाळी."

त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. तेवढ्यावर गावानं पुढचं स्वतःच रचलं. घराघरांत शिरतो, कुठे काय आहे ते त्याला ठाऊक, हंड्यावर खुणा करतो, साथीदारांसाठीच करत असणार. ज्यांच्या घरातली सुई त्या माणसानं कधी हलवली नव्हती ते सगळे साक्षीला तयार झाले. पोलिसांनी वाचमनना चौकीवर बोलावलं. रोज सकाळी जायचं, दिवसभर फरशीवर बसायचं, संध्याकाळी परतायचं. बहात्तर वर्षांचा माणूस.

मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. मोरीजवळ तीन कप पालथे घातलेले होते, फुलांचे, पाहुण्यांसाठी राखलेले. वाचमनना चहा मिळाला तर तो पडवीतल्या स्टीलच्या पेल्यातून, आणि तो पेला ते स्वतः विसळून ठेवत. मी आईला विचारलं. ती रडली, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "कुनाला बोलू नको रे. एवढी वर्सं संसार केला, आता लोक मला येडी म्हनतील."

मी बोललो नाही. चार दिवस. आईची अब्रू वाचवतोय अशी मी स्वतःची समजूत घातली. रोज कामाला गेलो, डबा खाल्ला, पास काढला. एका माणसाचं सगळं आयुष्य राखण करण्यात गेलं आणि आम्ही त्याला चोर ठरू दिलं, हे आठवलं की मला आजही स्वतःची शिसारी येते.

पाचव्या दिवशी ते मला स्टँडवर भेटले. चौकीवरून परतत होते, विजार मागून मळलेली. मी नजर चुकवायला गेलो तर त्यांनीच हाक मारली. "वयनीची पोत गावली का रे?"

मी तसाच चौकीवर गेलो आणि सगळं सांगून आलो. रात्री गावात सांगितलं. कुणी वाचमनच्या घरी गेलं नाही. देवळापाशी बसलेला एक जण म्हणाला, "पन त्यानं तरी लोकांच्या घरात कशाला शिरायचं?" बाकीच्यांनी माना डोलावल्या.

महिन्याभरात त्यांची मुलगी त्यांना मुरबाडला घेऊन गेली. ती तिथे नर्स आहे. जायच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायचं ठरवलं होतं. त्याआधीच त्यांनी विचारलं, "आईला बोललास काय?" मी म्हटलं, खूप बोललो. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे त्या किळसेनं पाहिलं. "बोलू नको. लाजलेली बाई दुसऱ्यांदा फसते, आनी दुसऱ्यांदा पन लपवते. तिला म्हन, काय पन झालं तरी पयलं मला सांग. कडीपेक्षा ते मोठं हाय." मग त्यांनी ट्रंक उचलली.

हे मात्र मी पाळलं. आई आता मला फोन करून विचारते, अमका आलाय, दार उघडू का? फोनवर कुणी नंबर मागितला तर आधी मला कळवते. दोनदा तरी आम्ही त्यामुळे वाचलो.

गेल्या वर्षी वाचमन वारले. मी आईला म्हटलं, आपण जायचं, आणि ती लगेच तयार झाली. मुरबाडला त्यांच्या मुलीच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्यांचा फोटो, शेजारी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा. आई फोटोपाशी गेली, हात जोडले आणि खरोखर रडली. मुलीनं तिला धरून खुर्चीवर बसवलं. आमच्या घरात काय झालं होतं ते त्या मुलीला सगळं माहीत होतं.  तरी ती आत गेली आणि आमच्यासाठी दोन पेले पाणी घेऊन आली.

आई म्हणाली, "नको गो बाय. आज माझा उपास हाय."

उपासाला पाणी चालतं हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मुलगी "बरं मावशी," म्हणाली आणि तो पेला परत आत घेऊन गेली. मी माझा प्यायलो.

परतीच्या जीपमध्ये आईनं डोळे पुसले. मग म्हणाली, "लय चांगला मानूस होता रे."

मी मान खिडकीबाहेर काढली.