बरकतपुऱ्यातलं पाहुण्यांचं पाणी

नांदेडहून निघालेली गाडी काचीगुड्याला पोचली. हैदराबाद होतं तसंच होतं, परका झालो होतो मी. राज्यांची पुनर्रचना होऊन आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता. आरोग्य खात्याच्या फायली दोन राज्यांत वाटल्या जात होत्या, आणि बरकतपुऱ्यातल्या एका गल्लीच्या पाण्याची, मीच सुरू केलेली चौकशी 'पाणी निर्दोष' अशी सही करून मिटवायला मला बोलावलं होतं; तिथले नमुने दर वेळी स्वच्छच निघाले होते.

त्याच गल्लीत आत्याचं घर. तिची नात सुमी विषमज्वराने अंथरुणाला खिळलेली. आत्याने भाकरी आणि खट्टी दाळ (चिंचेचं आंबट वरण) वाढली आणि बजावलं, "सही केलीस तर या घरचं जेवण विसर."

सकाळी मी स्वतः बाटल्या घेऊन निघालो. पद्धत जुनीच. आपण दारात उभं राहायचं, बाटली पडद्याआड द्यायची, घरातल्या बायका ती भरून देणार. शेजारच्या खालांकडून (मावशींकडून) बाटली परत आली आणि केवड्याचा वास दरवळला.

"खाला, हे पाणी कुठलं?"

"सुराही का है, बेटा. उबालके, छानके रखते. मेहमानां को नल का कच्चा पानी देते क्या?"

मी पायरीवर बसून पोट धरून हसलो. सगळी गल्ली सरकारला पाहुण्यांसाठी उकळून गाळलेलं पाणी देत होती, आणि पोरं अंगणातल्या नळाला तोंड लावत होती. हसणं ऐकून दारात आलेल्या आत्याचा चेहरा उतरला. "मीसुद्धा उकळलेलंच दिलं रे. सरकारी माणूस म्हणजे पाहुणाच की."

मग तिनेच पदर खोचला. मी शिकवलं तसं बाहेरचे जंतू मरावेत म्हणून पेटत्या काकड्याने नळाचं तोंड भाजून, घरोघरी पडद्याआड जाऊन तिने बाटल्या भरून आणल्या. प्रयोगशाळेत त्यांत जंतूंची नुसती जत्रा निघाली. सही मागणाऱ्या खात्याच्या साहेबांनीच खोदकामाचा हुकूम दिला. गटाराच्या पोटातच नळाचा सांधा सुटलेला सापडला. नवा नळ टाकला गेला, पुन्हा घेतलेले नमुने स्वच्छ आले, तेव्हा मला शहर जिंकल्यासारखं वाटलं. सुमीही तोवर उठून भिंतीला धरून चालू लागली होती.

निघताना खालांच्या पडद्यातून एक हात पेला घेऊन बाहेर आला. मी आधी वास घेतला. केवडा नव्हता.

"नल का है, बेटा. कच्चा."

मी तो पेला उभ्याउभ्या रिकामा केला. गाडी हलली तेव्हा माझं राज्य कुठलं याचा विचारही मनात नव्हता. बरकतपुऱ्यात मी आता मेहमान नव्हतो.