विमान, गोगलगाय आणि ओझर फाटा

“लायसन फाडा त्याचं, साहेब! माझ्यासमोर फाडा, तवाच मी हितनं हालणार!”

दूधवाल्याचा मेहुणा पोलीस ठाण्यात माझ्या टेबलावर मूठ आपटत होता. त्याच्या मागे निम्मा जुन्नर तालुका उभा होता. उरलेला निम्मा दाराबाहेर, आत जागा नाही म्हणून. मला निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण ती मूठ अजून कानात वाजते.

घडलं होतं असं. सकाळी ओझर फाट्याजवळ एका जीपने सायकलवरच्या म्हाताऱ्या दूधवाल्याला मागून ठोकरलं आणि जीप न थांबता निघून गेली. म्हाताऱ्याचं मांडीचं हाड मोडलं. गाडी मागून आली, त्यामुळे कोणती ते त्याला दिसलंच नव्हतं. खबर दिली फाट्यावरच्या चहावाल्याने. “आवाज झाला तसा वळलो, साहेब, तर धुरळ्यात विमान उडत चाललं व्हतं. दुसरं कोण असणार, राव?”

विमान हा माणूस होता. जुन्नर-नारायणगाव रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा. त्याच्या जीपमध्ये जुन्नरात आलेली शिंक माणूस नारायणगावात उतरून पुसायचा. वारा मागे राहून धापा टाकायचा. पण टोपलीतलं अंडं फुटल्याची तक्रार कधी आली नाही. उलट एका बाईची कोंबडी त्याच्या गाडीत भर रस्त्यात अंडं घालून मोकळी झाली, इतकी निवांत. बाई आजही शपथेवर सांगेल.

या विमानाला अतिवेगासाठी मी इतक्या वेळा दंड केला होता, की पावतीपुस्तकात माझ्यापेक्षा त्याच्याच सह्या जास्त असतील. त्यामुळे संशय कुणावर घ्यायचा हा प्रश्नच कुणाला पडला नाही. गुन्हा दाखल झाला, पंचनामा झाला, लायसन रद्द करण्याचा प्रस्ताव टाइप होऊन माझ्यापुढे आला. सही तेवढी बाकी. लायसन गेलं की जीप गेली, आणि जीप चालवण्याखेरीज त्या गड्याला जगात दुसरं काही येत नव्हतं. एकदा बैल हाकायला दिले, तर बैलांनाच घाम फुटला होता.

मी त्याला समोर बसवला.

“किती वेगात होतास?”

“जेवढ्यात नीट दिसतं तेवढ्यात.”

“दूधवाला दिसला?”

“दिसला की. डाव्या अंगाचं कॅन भरलेलं, उजव्याचं रिकामं. गडी कलत व्हता, म्हणून मी लई लांबनं साइड घेतली. त्याच्या टोपीला भोक व्हतं.”

मेहुण्याला विचारलं. टोपीला भोक होतं. मग मी विचारलं, “तुझ्या मागे कोण होतं?”

हवालदाराने दम दिला, मी चहा पाजला. दोन्ही वाया गेले. “लाइनीवरच्या माणसाचं नाव लाइनीवरचा माणूस घेत न्हाई, साहेब,” एवढंच म्हणाला.

आता पोलिसाच्या नोकरीत एक गोष्ट शिकायला मिळते. ज्याला टोपीचं भोक दिसतं, त्याला टोपीखालचा माणूस दिसत नाही असं होत नाही. त्याच्या गाडीत टेप नव्हता, तोंडात तंबाखू नव्हती. कोणी गप्पा मारू लागलं तर हा जीप कडेला घ्यायचा. “बोलून घ्या, पावणं, मंग निघू.” मी सही लांबवली.

साध्या कपड्यांत, डोक्याला टॉवेल गुंडाळून, मी रोज वेगवेगळ्या जीपमध्ये, अगदी विमानाच्यासुद्धा, पुढच्या सीटवर बसू लागलो. मला कोणी ओळखलं नाही असं मी मानतो. ड्रायव्हर मात्र भाडं घेत नव्हते. सगळे नीट चालवत होते. मग गोगलगायीचा नंबर आला.

गोगलगाय म्हणजे या लाइनीवरचा सर्वांत सज्जन ड्रायव्हर. उभ्या आयुष्यात एक पावती नाही. त्याच्या जीपला बैलगाड्या ओव्हरटेक करायच्या आणि वर हात दाखवायच्या. त्यानेही मला ओळखलं नाही. तो समोर कमी आणि मागच्या सीटवर जास्त बघत होता. लेकीच्या लग्नाची हकिकत तो मागच्यांना सांगत असतानाच आम्ही ओझर फाट्यावर आलो.

तिथे त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले, जोडले, कपाळाला लावले आणि डोळे मिटले. “विघ्नहरा, सांभाळ रं बाबा!”

विघ्नहराने सांभाळलं असेलही. पण जीप आपली आपण डावीकडे मातीत चालली होती. मी झडप घालून स्टिअरिंग धरलं. टॉवेल सुटला. त्याने डोळे उघडले आणि शेजारी साहेब पाहिला.

“रोज असाच नमस्कार करतोस?”

“रोज, साहेब. बिगरनमस्काराचं कसं म्होरं जायचं?”

खाली उतरून पाहिलं. डाव्या मडगार्डवर ताजा रंग होता. गोगलगाय तिथेच रस्त्याकडेला बसला. “धाडकन वाजलं, साहेब. वाटलं, खड्डा. सांजच्याला खरं कळलं, पर तवर सगळ्यांनी विमानाचंच नाव घेतलं व्हतं. त्याच्या धुरळ्यात मी मागं कुणाला दिसलोच न्हाई. मी हळू चालणारा, मला कोण इचारतंय?”

जबाब नोंदवला, दोषारोपपत्र गेलं. दूधवाला पुढे काठी घेऊन का होईना, हिंडू लागला. विमानाचा प्रस्ताव मी फाडला. मेहुणा समोर होता, त्याची फाडण्याची हौस तेवढी भागली.

वेग मोजायला यंत्र निघालं, लक्ष मोजायला अजून निघालेलं नाही. म्हणून आपण जे मोजता येतं त्याला दंड करतो. यात सगळा अन्याय आहे असं मी म्हणणार नाही. विमानाची नक्कल करणाऱ्या पोरांचे पंचनामेही मीच केलेत, म्हणून त्यानंतरही त्याला दंड करत राहिलो. पण हळू जाणारा तो निर्दोष, हे गणित मी त्या फाट्यावर सोडून आलो.

आता तो रस्ता तसा राहिला नाही. झाडं गेली, कॅमेरे आले. मध्ये माझ्याच मोबाइलवर दंडाचा मेसेज आला. गाडी जावई चालवत होता आणि एका हातात फोन धरून बोलत होता. दंड वेगाचा झाला, फोनचा नाही. त्या दिवशी मला विमानाच्या जीपची पुढची सीट अशी आठवली, जसं माहेर आठवावं. खिडकीतून येणारा द्राक्षबागांचा वास, इंजिनाचा एकसुरी आवाज, आणि शेजारी एक माणूस, ज्याला सगळं दिसतंय. आयुष्यात इतका निर्धास्त मी कुठे बसलो नाही. स्वतःच्या घरातसुद्धा.

गेल्या महिन्यात त्याचं घर शोधून काढलं. ओट्यावर बसला होता, केस पांढरे. आवाजावरून ओळखलं त्याने मला. गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणालो, “ऊठ. नारायणगावपर्यंत ने मला. एकदाच. दंड झाला तर माझा.”

त्याने किल्ली थोडा वेळ हातात धरली, मग परत दिली.

“लांबचं दिसत न्हाई आता, साहेब. लायसन रिन्यू केलं न्हाई.”